यकृताबाहेरील मद्यपचन : ॲसिटाल्डिहाइड व ॲसिटेट यांचा शरीरातील मार्ग

मद्याचा विषय निघाला की वैद्य व रुग्ण या दोघांचेही लक्ष प्रथम यकृताकडे जाते. हे स्वाभाविकच आहे, कारण प्यालेल्या मद्यार्काच्या विघटनाचा प्रारंभ मुख्यतः तेथेच होतो. परंतु या एका सत्यातून दोन घातक समज रूढ झाले आहेत. पहिला समज असा की, ‘लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे दारूने काही बिघडलेले नाही.’ दुसरा असा की, ‘पिणे चालू असले तरी सोबत लिव्हरचे औषध चालू आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.’ पहिला समज आम्हांस चिकित्सालयात ऐकावयास मिळतो, तर दुसरा औषधालयाच्या काउंटरवर नित्य ऐकू येतो. दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते म्हणजे मद्याचा सारा व्यवहार यकृतात सुरू होतो आणि यकृतातच संपतो.

वस्तुस्थिती तशी नाही. मद्यार्कापासून निर्माण होणारे पदार्थ मुख, जठर, आतडी, रक्तपेशी, अस्थिमज्जा, स्नायू, हृदय व मेंदू या सर्वांपर्यंत पोहोचतात आणि त्यांचा निचरा करण्याचे काम त्या त्या धातूला स्वतः करावे लागते. हे काम कसे चालते, कोठे अडते आणि त्यावरून आपल्या दैनंदिन व्यवहारात कोणती दक्षता घ्यावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यकृतातील पहिल्या दोन पायऱ्या

प्यालेल्या मद्यार्काचा काही अंश जठरातून व बहुतांश लघ्वांत्रातून शोषला जाऊन प्रतिहारिणी शिरेवाटे यकृतात येतो. एकंदर मद्यार्कापैकी सुमारे २ ते १० टक्के भाग श्वास, मूत्र व स्वेद यांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्याचे विघटन होते.

पहिल्या पायरीवर ‘अल्कोहोल डिहायड्रोजनेज’ हे विकर मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते. मद्यपान दीर्घकाळचे असेल तर ‘सायटोक्रोम पी-४५०’ कुलातील ‘२ई१’ हे विकरही वाढते आणि या कामात भाग घेते. दुसऱ्या पायरीवर ‘अल्डिहाइड डिहायड्रोजनेज’ या विकरसमूहाकडून ॲसिटाल्डिहाइडचे ॲसिटेट होते. या समूहातील सर्वांत महत्त्वाचे विकर म्हणजे पेशीच्या तंतुकणिकांमध्ये राहणारे ‘ए.एल.डी.एच.-२’ होय. ॲसिटाल्डिहाइडचे प्रमाण अत्यल्प असतानाही हे विकर त्यास पकडते. म्हणूनच निरोगी मनुष्याच्या रक्तात मद्यपानानंतरही ॲसिटाल्डिहाइड फारच थोडे सापडते.

या दोन पदार्थांचा स्वभाव भिन्न आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. ॲसिटाल्डिहाइड हा अत्यंत क्रियाशील व विषारी पदार्थ आहे. प्रथिनांना व पेशीकेंद्रातील डी.एन.ए.ला तो चिकटतो. ॲसिटेट हे मात्र एक प्रकारचे इंधन आहे, आणि त्याचे दुष्परिणाम वेगळ्या मार्गाने होतात. त्यामुळे दोहोंचा विचार स्वतंत्रपणे करणे युक्त ठरेल.

ॲसिटाल्डिहाइड : यकृताबाहेरील बंदोबस्त

‘ए.एल.डी.एच.-२’ हे विकर केवळ यकृताची मालमत्ता नाही. हृदय, स्नायू, वृक्क, आतडी, मेंदू अशा तंतुकणिकांनी युक्त असलेल्या बहुतेक अवयवांत ते आढळते. त्याचे यकृताबाहेरील महत्त्व उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही उंदरांच्या केवळ यकृतपेशींतून हे विकर काढून टाकले, तर काहींच्या संपूर्ण शरीरातून काढून टाकले. मद्यार्क दिल्यावर पहिल्या गटाच्या रक्तात ॲसिटाल्डिहाइड वाढले खरे, परंतु दुसऱ्या गटाइतके वाढले नाही. याचा सरळ अर्थ असा की, यकृत हात टेकते तेव्हाही इतर अवयव काही भार उचलतात. २०२४ साली त्याच दिशेने झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, यकृतातील ॲसिटाल्डिहाइडचा काही भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो आणि तेथील अंतस्त्वचेतील विकर त्याचा निकाल लावते. हे प्रयोग प्राण्यांवरील आहेत, तेव्हा मनुष्यातील नेमके प्रमाण त्यांवरून काढता येणार नाही. तथापि दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

आता अवयववार विचार करू.

*मुख व अन्ननलिका.* यकृताबाहेरील सर्वांत दुर्लक्षित स्थान हेच होय. मुखातील सूक्ष्मजंतू मद्यार्कापासून स्वतःच ॲसिटाल्डिहाइड तयार करतात, परंतु ते पुढे ॲसिटेटपर्यंत नेण्याची त्यांची व मुखाच्या अंतस्त्वचेची शक्ती फार कमी असते. परिणामी मद्यपानानंतर लाळेतील ॲसिटाल्डिहाइडचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट, दहा ते शंभर पटींपर्यंत, चढू शकते. दातांची अस्वच्छता व धूम्रपान यांमुळे ते आणखी वाढते. तंबाखूच्या धुरातही ॲसिटाल्डिहाइड असते, ही बाब येथे विशेष लक्षात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारक ठरविले होते. मद्यपानाशी निगडित ॲसिटाल्डिहाइडलाही त्या संस्थेने २००९ साली त्याच वर्गात घातले. मुख, कंठ व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी मद्याचा जो संबंध आहे, त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण येथे मिळते. यकृताचे कोणतेही औषध या ठिकाणी पोहोचत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

*जठर.* जठराच्या अंतस्त्वचेतही मद्यार्काचे विघटन करणारे विकर असते. रक्तात शिरण्यापूर्वीच मद्यार्काचा थोडा अंश तेथे खर्च होतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या जठरात या विकराची क्रिया पुरुषांपेक्षा कमी आढळली. स्त्रीच्या शरीरातील जलांशही तुलनेने कमी असतो. तेवढ्याच मात्रेने स्त्रीस अधिक बाधा का होते, याचे उत्तर या दोन गोष्टींत बऱ्याच अंशी मिळते. उपाशीपोटी प्यालेले मद्य जठरातून लवकर पुढे सरकते. त्यामुळे हा पहिला टप्पा बव्हंशी चुकतो.

*बृहदांत्र.* रक्तातून बृहदांत्रात उतरलेल्या मद्यार्कापासून तेथील जंतूही ॲसिटाल्डिहाइड बनवितात. अंतस्त्वचेची निचऱ्याची शक्ती येथेही मर्यादित असते. चिरकारी मद्यपी रुग्णांत अतिसाराची प्रवृत्ती व आंत्रभित्तीची पारगम्यता वाढलेली आढळते, त्यास या पदार्थाचा हातभार लागतो असे मानले जाते.

*रक्तपेशी.* तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतात, म्हणून ‘ए.एल.डी.एच.-२’ही नसते. परंतु याच कुलातील दुसरे एक विकर त्यांच्या पेशीद्रवात असते आणि रक्तात फिरता फिरता त्या ॲसिटाल्डिहाइडचा काही अंश नाहीसा करतात. काही अंश हिमोग्लोबिनला चिकटून राहतो.

*अस्थिमज्जा.* येथे प्रश्न अधिक गंभीर होतो. रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशींना ॲसिटाल्डिहाइडपासून दुहेरी संरक्षण असते. विकराने विष नाहीसे करणे ही पहिली फळी, आणि डी.एन.ए.ला झालेली इजा दुरुस्त करणे ही दुसरी. केंब्रिज येथील संशोधकांनी २०११ व २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, या दोन्ही फळ्या एकाच वेळी कोसळल्या तर मूळ पेशींची गुणसूत्रे तुटतात. चिकित्सालयात याच क्षेत्रातील एक साधी खूण आपल्यापुढे नेहमी येते. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एम.सी.व्ही., बहुधा वाढलेले असते. पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे मद्य सोडल्यावरही काही महिने ही खूण टिकते. एस.जी.पी.टी. नॉर्मल असलेल्या रुग्णाच्या साध्या रक्ततपासणीतही ती सापडू शकते.

*मेंदू.* रक्तातील ॲसिटाल्डिहाइडला मेंदूत सहज शिरता येत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील विकर त्यास वाटेतच अडविते. परंतु मद्यार्क मात्र विनाअडथळा आत जातो आणि तेथेच कॅटॅलेज व ‘२ई१’ या विकरांकडून त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते. पुढचे काम मेंदूतील ‘ए.एल.डी.एच.-२’ करते. २०२१ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात लहान मेंदूच्या आधारपेशींतील या विकराचा संबंध मद्यामुळे होणाऱ्या तोल जाण्याशी जोडला गेला आहे. सारांश, मद्याचा मद हा यकृतात ठरत नाही. मेंदू स्वतःच्या आवारात मद्य पचवितो आणि त्याची किंमतही तेथेच मोजतो.

*हृदय.* हृदयाच्या स्नायूंत तंतुकणिका विपुल असल्यामुळे तेथे हे विकरही भरपूर असते. चरबीच्या विदग्धतेतून निर्माण होणाऱ्या इतर विषारी अल्डिहाइडांचाही ते निकाल लावते. मद्याच्या अतिसेवनाने हृदय विस्फारून दुर्बल होते. ही व्याधी यकृत तुलनेने शाबूत असतानाही होऊ शकते.

ॲसिटेट : धातूंचे इंधन

आता दुसऱ्या पदार्थाकडे वळू. यकृतात तयार झालेले ॲसिटेट यकृत स्वतः फारसे वापरत नाही. ते वापरात आणण्यासाठी प्रथम त्याचे ‘ॲसिटिल को-ए’मध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि तंतुकणिकांतील ज्या विकराने ते होते ते यकृतात अल्प तर हृदय व स्नायूंत विपुल असते. त्यामुळे बहुतांश ॲसिटेट रक्तात सोडले जाते. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ फ्रँक लुंडक्विस्ट यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मनुष्याच्या बाबतीत हे दाखवून दिले. मद्यपानानंतर रक्तातील ॲसिटेटची पातळी अनेक पट वाढते आणि मद्यार्काचे विघटन चालू असेपर्यंत ती चढलेलीच राहते.

या व्यवहारातील यकृताचा व इतर धातूंचा वाटा किती, याचा हिशेब साध्या रसायनशास्त्राने मांडता येतो. मद्यार्काच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन होऊन कर्बद्विप्राणिल वायू व पाणी होण्यास प्राणवायूचे तीन रेणू लागतात. मद्यार्कापासून ॲसिटेटपर्यंतच्या प्रवासात त्यांपैकी केवळ एक खर्च होतो. उरलेले दोन ॲसिटेटच्या ज्वलनात खर्च होतात. म्हणजेच ज्वलनाचे सुमारे दोन-तृतीयांश काम मुख्यतः यकृताबाहेर, स्नायू, हृदय, मेंदू, वृक्क व मेद यांत होते. मद्याचे ‘पचन’ यकृतात होते हे विधान या अर्थाने अपुरे आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. स्नायू ॲसिटेट जाळतात, तर व्यायामाने किंवा घाम काढल्याने मद्य लवकर उतरावयास हवे. तसे होत नाही. सर्वांत मंद पायरी ही पहिली, म्हणजे यकृतातील मद्यार्काच्या विघटनाची आहे, आणि तिचा वेग प्रौढ व्यक्तीत साधारणतः ताशी ७ ते ८ ग्रॅम इतकाच असतो. पुढच्या पायरीवर कितीही घाई केली तरी मागचा दरवाजा तेवढाच उघडा असतो. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचे स्नान यांनीही हा वेग वाढत नाही.

ॲसिटेट इंधन असले तरी ते निरुपद्रवी नाही. त्याचे तीन परिणाम वैद्यांनी जाणून घ्यावेत.

पहिला परिणाम मेदावर होतो. रक्तात ॲसिटेट उपलब्ध असताना धातू आधी तेच जाळतात आणि मेदाचे ज्वलन मागे पडते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ २४ ग्रॅम मद्यार्क दिल्यावर निरोगी पुरुषांतील एकंदर मेद-ज्वलन ७३ टक्क्यांनी घटलेले आढळले. मद्यार्कापासून थेट मेद बनण्याचे प्रमाण मात्र ५ टक्क्यांहून कमी होते. म्हणजे मद्याचा मेद होतो असे म्हणण्यापेक्षा मद्यासोबत खाल्लेल्या तळलेल्या पदार्थांचा मेद तसाच साठून राहतो, असे म्हणणे अधिक युक्त आहे.

दुसरा परिणाम यूरिक ॲसिडवर होतो. ॲसिटेट वापरात आणताना पेशीतील ए.टी.पी. खर्ची पडून त्याचे ए.एम.पी. होते. त्याच्या विघटनातून पुढे यूरिक ॲसिड वाढते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मद्याने यूरिक ॲसिडचे उत्पादन वाढते ते याच मार्गाने, हे दाखविले. मद्यामुळे रक्तात वाढलेले लॅक्टेट वृक्कावाटे यूरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही. अशा रीतीने उत्पादन वाढते आणि निचरा घटतो.

तिसरा परिणाम मेंदूवर होतो. २०१३ साली झालेल्या अभ्यासात अतिमद्यपान करणाऱ्यांचा मेंदू इतरांपेक्षा अधिक ॲसिटेट ओढून घेतो व जाळतो असे आढळले. मद्य एकाएकी बंद केल्यावर त्यास या सवयीच्या इंधनाचाही तुटवडा भासत असावा, असा तर्क त्यावरून मांडला गेला. २०१९ साली उंदरांवरील प्रयोगात तर यकृतातून आलेले ॲसिटेट मेंदूच्या पेशीकेंद्रापर्यंत पोहोचून स्मृतीशी निगडित जनुकांचे नियमन बदलते, असे दिसून आले. मद्याची आठवण करून देणारे स्थळ किंवा सोबती दिसताच ओढ का उफाळून येते, हे समजण्यास या संशोधनाने एक वाट उघडली आहे.

काही आडवाटा

मद्यार्काचा अल्प अंश प्राणवायूविना होणाऱ्या मार्गांनीही जातो. मेदाम्लांशी त्याचा संयोग होऊन ‘एथिल एस्टर’ बनतात. १९८६ साली मद्याने बाधित होणाऱ्या मानवी अवयवांत, विशेषतः स्वादुपिंडात, हे पदार्थ मोठ्या प्रमाणात आढळले. मद्यजन्य स्वादुपिंडशोथात त्यांचा वाटा मानला जातो. तांबड्या पेशींच्या आवरणात ‘फॉस्फॅटिडिल-एथेनॉल’ हा पदार्थ तयार होतो. तो काही आठवडे टिकत असल्याने मद्यपान लपविणाऱ्या व्यक्तीच्या तपासणीत त्याचा उपयोग होतो.

आयुर्वेदीय दृष्टीने

मद्याची क्रिया एका अवयवापुरती नसून सर्वदेही आहे, ही गोष्ट आपल्या आचार्यांना नवीन नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुकारी, रूक्ष, विकासी व विशद असे दहा गुण सांगून, ते ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असल्याचे प्रतिपादन केले आहे. त्यांतील ‘व्यवायी’ हा गुण येथे विशेष मननीय आहे. जे द्रव्य आधी सर्व शरीर व्यापते आणि नंतर पचते, ते व्यवायी होय. मद्यार्क प्रथम सर्व देहजलात पसरतो आणि त्याचे पचन त्यानंतर कित्येक तास चालू राहते, हे पाहता या संज्ञेची समर्पकता पटते.

मेदोवह स्रोतसाच्या दुष्टीच्या कारणांत चरकांनी वारुणीच्या अतिसेवनाची गणना केली आहे, आणि वातरक्ताच्या हेतूंत सुरा व आसव यांचा उल्लेख आहे. मेद-ज्वलन मागे पडणे व यूरिक ॲसिड वाढणे यांची यासोबत सांगड घालता येते. त्याचप्रमाणे, जाठराग्नीखेरीज प्रत्येक धातूचा स्वतंत्र अग्नी असतो हा धात्वग्नीचा सिद्धांत, धातूंतील ॲसिटेटच्या ज्वलनाचा विचार करण्यास सोयीची चौकट पुरवितो.

तथापि एक मर्यादा पाळावयास हवी. धात्वग्नी म्हणजे अमुक विकर, किंवा ओज म्हणजे अमुक रसायन, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. दोन्ही शास्त्रांची भाषा व प्रमाणे भिन्न आहेत. साम्य दिसते तेथे ते विचारास चालना देते, पुरावा म्हणून उभे राहत नाही. रुग्णास वा ग्राहकास सांगताना हा विवेक आपण राखला तरच आपल्या शब्दास वजन राहील.

आसवारिष्टे व डायसल्फिराम : दक्षतेचे मुद्दे

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ. आसव व अरिष्ट यांत संधानाने निर्माण झालेला मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. ८ टक्के धरल्यास २० मिलि मात्रेत १.६ मिलि, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम मद्यार्क जातो. ३० मिलि व्हिस्कीत तो सुमारे १० ग्रॅम असतो. निरोगी प्रौढाचे यकृत १.३ ग्रॅमचा निकाल १०-१२ मिनिटांच्या कामात लावते. तेव्हा योग्य मात्रेत घेतलेल्या अरिष्टाबद्दल निरोगी प्रौढास भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु हा हिशेब दुसरी पायरी सुरळीत चालू आहे, या गृहीतावर अवलंबून आहे. ती पायरी औषधानेच बंद केलेली असेल तर चित्र पालटते.

‘डायसल्फिराम’ या औषधाचे कार्य नेमके हेच आहे. १९४८ साली डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन यांनी त्याचा मद्याशी होणारा विरोध उजेडात आणला. ते ‘अल्डिहाइड डिहायड्रोजनेज’ला निकामी करते, आणि तेही केवळ यकृतात नव्हे, तर रक्तपेशींसह सर्वत्र. त्यामुळे वर वर्णिलेली यकृताबाहेरील राखीव फळीही उरत नाही. अशा व्यक्तीच्या पोटात थोडा मद्यार्क गेला तरी चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, उलटी, घाम, हृद्द्रव व रक्तदाब घसरणे ही लक्षणे उद्भवतात. तीव्र प्रसंगी हृदयाची गती बिघडून प्राणावर बेतते. निकामी झालेले विकर पुन्हा तयार होण्यास वेळ लागतो. म्हणून औषध थांबविल्यावरही १४ दिवसांपर्यंत धोका राहतो.

हे औषध रुग्णाच्या पूर्ण माहितीनेच द्यावयाचे असते. प्रत्यक्षात मात्र घरची मंडळी ते चहात वा भाजीत गुपचूप मिसळतात, असे आढळते. त्यांची अगतिकता आम्ही जाणतो. परंतु ज्यास आपण काय घेत आहोत हेच ठाऊक नाही, तो मद्यही पितो आणि अरिष्टही घेतो. त्या पुरुषास अग्निमांद्यासाठी द्राक्षासव किंवा कुमारी-आसव लिहून देणारा वैद्य आणि ते विकणारा औषधविक्रेता हे दोघेही नकळत संकटास कारण होऊ शकतात.

यास्तव आमच्या पुढील सूचना आहेत.

१. आसव-अरिष्ट लिहिण्यापूर्वी मद्यपानाचा व व्यसनमुक्तीच्या औषधांचा इतिहास रुग्णास एकांतात विचारावा, आणि घरच्यांसही वेगळे विचारावे.

२. डायसल्फिराम चालू असल्यास, किंवा बंद करून १४ दिवस झाले नसल्यास, आसव-अरिष्ट देऊ नये. त्याऐवजी क्वाथ, चूर्ण वा वटी योजावी. अर्जुनारिष्टाऐवजी अर्जुनाचे चूर्ण किंवा क्वाथ, अश्वगंधारिष्टाऐवजी अश्वगंधा चूर्ण असे पर्याय आपल्यापाशी आहेतच.

३. मद्य सोडलेल्या रुग्णास, तो कोणतेही औषध घेत नसला तरी, आसव-अरिष्ट टाळणेच इष्ट. मद्याचा गंध व चवदेखील ओढ जागवू शकते.

४. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल अशी औषधे चालू असताना मद्यार्क टाळण्याची सूचना दिली जाते. मेट्रोनिडॅझोलबाबत पुराव्यांवर मतभेद असले तरी पर्याय हाताशी असताना अरिष्टाचा आग्रह धरू नये.

५. गर्भाच्या यकृतात ही विकरे फारच अल्प असतात आणि मद्यार्क अपरेतून सहज पलीकडे जातो. गर्भिणीस मद्यार्कयुक्त कल्प टाळावेत.

६. वाहनचालकांना सूचना द्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. एका मात्रेने रक्तातील पातळी या मर्यादेच्या दशांशाच्या आसपासच जाते. परंतु मुखात राहिलेल्या मद्यार्कामुळे श्वासतपासणी यंत्र लगेच खोटा आकडा दाखवू शकते. औषध घेतल्यावर चूळ भरावी व निदान १५ मिनिटे थांबावे.

७. औषधालयचालकांनी डायसल्फिराम घेणाऱ्या ग्राहकास आसव-अरिष्ट, मद्यार्कयुक्त कफ सिरप व टिंक्चर यांविषयी आपणहून सावध करावे. घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेल्या, ‘न सांगता दारू सोडविणाऱ्या’ पुड्या विक्रीस ठेवू नयेत.

रुग्णास पुढे केव्हा पाठवावे

नित्य मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यावर कंप, भ्रम, आकडी वा विपरीत भास होऊ लागल्यास त्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. चालताना तोल जाणे, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे व बुद्धिभ्रंश ही लक्षणे दिसल्यास थायमिनचा तीव्र अभाव समजावा. धातूंतील ज्वलनचक्रालाही थायमिन लागते. अशा रुग्णास थायमिनपूर्वी ग्लुकोज देणे अपायकारक ठरू शकते. हातभट्टीच्या दारूनंतर दृष्टी अंधुक झाल्यास मिथेनॉलची विषबाधा गृहीत धरावी. मिथेनॉलवर हीच विकरे काम करतात, परंतु शेवटी ॲसिटेटऐवजी फॉर्मिक आम्ल बनते. ते इंधन म्हणून वापरता येत नाही आणि नेत्रनाडीचा घात करते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशाच दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

समारोप

यकृताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त झालेल्या रुग्णास आपण आता अधिक नेमके उत्तर देऊ शकतो. त्या कागदावर मुखाची अंतस्त्वचा नसते, मज्जेतील मूळ पेशी नसतात, हृदयाचा स्नायू व मेंदू नसतो. यकृतासाठी दिलेले औषध हे मद्यपान चालू ठेवण्याचा परवाना नव्हे, हे वैद्याने चिकित्सालयात आणि विक्रेत्याने काउंटरवर एकाच शब्दांत सांगितले पाहिजे. औषधाची बाटली हाती देताना हे एक वाक्य बोलण्यास फार वेळ लागत नाही. विक्री क्वचित एखाद्या बाटलीने घटेल, परंतु ज्या घरातून ग्राहक आला त्या घराचा विश्वास वाढेल. आपल्या व्यवसायास त्याहून मोठे भांडवल नाही, असे आम्हांस वाटते.